तारखेत न सापडलेली कयामत : ख्रिस्ती भाकिते, हिंदुस्थानी उलेमा आणि एकच मापदंड

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात दाना ओली नावाची वस्ती आहे. दाणा म्हणजे धान्य आणि ओली म्हणजे मराठीतील ओळ, असा या नावाचा सरळ अर्थ लागतो. दौलतराव शिंदे यांनी १८१० मध्ये येथे आपली छावणी कायम केली आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. या शहराच्या इतिहासात १८४३ हे वर्ष मोठ्या उलथापालथीचे ठरले. फेब्रुवारी १८४३ मध्ये जनकोजीराव शिंदे यांचे निधन झाले. त्यांना पुत्र नव्हता. बालवयाच्या जयाजीरावांना दत्तक घेऊन ताराबाईंच्या नावे कारभार सुरू झाला. दरबारातील तंट्यांचे निमित्त साधून गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांनी फौज पाठविली आणि २९ डिसेंबर १८४३ या एकाच दिवशी महाराजपूर व पनियार येथे शिंद्यांच्या सैन्याचा पराभव झाला. १३ जानेवारी १८४४ च्या तहाने राज्याची फौज कापली गेली आणि कारभारावर ब्रिटिश रेसिडेंटची देखरेख बसली. महादजींच्या काळापासून चालत आलेले एक जग येथे पंधरा दिवसांत संपले.

योगायोग असा की, नेमक्या याच महिन्यांत अमेरिकेतील हजारो ख्रिस्ती कुटुंबे सबंध जगाच्या अंताची वाट पाहत होती. विल्यम मिलर (१७८२–१८४९) या न्यूयॉर्क राज्यातील शेतकरी उपदेशकाने बायबलमधील आकड्यांवरून हिशेब मांडला होता. २१ मार्च १८४३ ते २१ मार्च १८४४ या वर्षात हजरत ईसा (अ.) यांचे पुनरागमन होईल, असे तो सांगत होता. महाराजपूरची लढाई त्या मुदतीच्या आत येते. ग्वाल्हेरात जे घडले ते कोणी वर्तविले नव्हते आणि अमेरिकेत जे वर्तविले होते ते घडले नाही.

जगाच्या अंताची तारीख काढण्याचा हा खटाटोप परक्या मुलखापुरता राहिला नाही. तो लखनौला आला, त्यावर आग्र्याच्या आसपास घडलेल्या विद्वानांनी लिहिले आणि त्याच्या अपयशातून उभ्या राहिलेल्या संस्था पुण्या-मुंबईतही आल्या. हिंदुस्थानी उलेमांनी या हिशेबाची परीक्षा कशी केली आणि तीच परीक्षा मुस्लिम समाजातील भाकितांनाही कशी लागू पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

हिशेबाची रीत

ज्या ग्रंथाच्या आधारे या तारखा काढल्या गेल्या, त्या ग्रंथातच तारखेचे ज्ञान माणसाला नाही असे म्हटले आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या चोविसाव्या अध्यायात, तो दिवस व ती घटका एका पित्यावाचून कोणासही, फरिश्त्यांनाही, ठाऊक नाही असा आशय आला आहे. कुरआन शरीफमध्ये सूरह अल-आराफ व सूरह लुकमान या ठिकाणी कयामतीच्या घटकेचे ज्ञान केवळ अल्लाहकडे असल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणजे या मुद्द्यावर दोन्ही धर्मग्रंथांत मतभेद नाही.

तरीही हिशेब झाले, याचे कारण दानीएल आणि प्रकटीकरण या बायबलमधील दोन पुस्तकांत आलेले आकडे होय. दानीएलच्या आठव्या अध्यायात २३०० संध्याकाळ-सकाळींचा उल्लेख आहे. या ठिकाणी एक दिवस म्हणजे एक वर्ष समजावयाचे, असा नियम भाष्यकारांनी धरला. मग प्रश्न उरला तो केवळ मोजणी कोठून सुरू करावयाची एवढाच. मिलरने जेरुसलेमविषयीचे इराणी बादशहाचे फर्मान इसवी सनापूर्वी ४५७ मध्ये निघाले असे धरले. २३०० मधून ४५७ वजा करता १८४३ येतात. पुढे कोणाच्या तरी लक्षात आले की, इसवी सनपूर्व १ नंतर लगेच इसवी सन १ येतो, मध्ये शून्य वर्ष नाही. म्हणून एक वर्ष वाढवून १८४४ करावे लागले. वजाबाकी निर्दोष होती. दोष होता तो गृहीतकात. दिवसाचे वर्ष का करावयाचे आणि मोजणी याच फर्मानापासून का धरावयाची, या प्रश्नांना ग्रंथात उत्तर नव्हते. ते मोजणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून होते.

असे हिशेब करणारे लोक अडाणी होते असेही नाही. जर्मनीतील मायकेल स्टीफेल हा मार्टिन ल्यूथरचा अनुयायी व नावाजलेला गणिती होता. त्याने १९ ऑक्टोबर १५३३ ही तारीख, सकाळी आठ या वेळेसह, जाहीर केली. त्याच्यावर विश्वास ठेवून शेतकऱ्यांनी शेतीची कामे सोडली. आठ वाजून गेले आणि काहीच घडले नाही, तेव्हा स्टीफेलला अटक झाली. लॉगरिथमचा शोध लावणारा स्कॉटलंडचा जॉन नेपिअर याने १५९३ मध्ये ग्रंथ लिहून १६८८ ते १७०० या दरम्यान न्यायाचा दिवस येईल असे अनुमान काढले. जर्मनीच्या वुर्टेंबर्ग प्रांतातील योहान बेंगेल हा बायबलच्या मूळ ग्रीक पाठांचा थोर अभ्यासक. त्याने १८३६ हे वर्ष काढले. याच प्रांतातील अनेक भाविक कुटुंबे १८१७ च्या सुमारास घरेदारे विकून कॉकेशसकडे निघाली. गणित येत असल्यामुळे माणूस या भ्रमापासून वाचला नाही, उलट गणितामुळे भ्रमाला पुराव्याचे रूप आले.

अकबराचा प्रश्न

हिंदुस्थानात या विषयावर झालेला एक जुना संवाद उपलब्ध आहे. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून तीन जेसुइट पाद्री अकबराच्या दरबाराकडे निघाले. त्यांत रोदोल्फो अक्वाविवा आणि आंतोनिओ मोन्सेराट हे प्रमुख होते. सुरत, मांडू, उज्जैन, सिरोंज, नरवर या मार्गाने ते ग्वाल्हेरवरून १५८० च्या आरंभी फतेहपूर सिक्रीस पोहोचले. ग्वाल्हेरच्या किल्ल्याखालील खडकात कोरलेल्या मूर्तींची मोन्सेराटने आपल्या वृत्तांतात नोंद केली आहे. त्याने तेरा मूर्ती मोजल्या आणि त्या हजरत ईसा व त्यांच्या बारा शिष्यांच्या असतील काय, अशी शंका त्याला आली. प्रत्यक्षात त्या तोमर राजांच्या काळातील जैन तीर्थंकरांच्या मूर्ती होत. आपल्या मनातला ग्रंथ समोरच्या दगडावर वाचण्याची माणसाची सवय यावरून दिसते. भाकिते करणारेही हेच करीत आले आहेत.

मोन्सेराटच्या वृत्तांतात अकबराने विचारलेल्या प्रश्नांचीही नोंद आहे. अखेरचा न्यायनिवाडा कधी होणार आणि न्यायाधीश हजरत ईसा असणार काय, हे बादशहाला जाणून घ्यावयाचे होते. पाद्र्याने उत्तर दिले की, ती वेळ ईश्वराने गुप्त ठेवली आहे. मात्र युद्धे, बंडे व राज्यांचा विनाश ही त्याची चिन्हे सांगितलेली आहेत आणि अशा गोष्टी सध्या वारंवार दिसतात. उत्तराचा पहिला भाग श्रद्धेला धरून होता. दुसऱ्या भागात मात्र तारीख न सांगता तारीख जवळ आल्याची सूचना होती. युद्ध आणि बंड कोणत्या शतकात झाले नाही?

अकबराचा प्रश्न सहज आलेला नव्हता. हिजरी सनाची हजार वर्षे पूर्ण होण्यास तेव्हा दहा-बारा वर्षे उरली होती. हजाराव्या वर्षी मोठे परिवर्तन होईल अशी हवा दिल्ली-आग्र्यापासून दख्खनपर्यंत पसरलेली होती. अकबराने हिजरी ९९० (इ. स. १५८२) मध्ये हजार वर्षांचा इतिहास लिहिण्याची आज्ञा दिली. तो ‘तारीख-ए-अल्फी’ या नावाने प्रसिद्ध आहे आणि त्याच्या लेखकांत मुल्ला अब्दुल कादिर बदायूनीही होता. नाण्यांवरही हजार या अर्थाचा ‘अल्फ’ हा शब्द उमटविण्यात आला. १९ ऑक्टोबर १५९१ रोजी हिजरी १००० चा पहिला दिवस उजाडला. वर्ष आले तसे गेले.

महाराष्ट्राच्या भूमीवरही या काळाचे पडसाद आहेत. सय्यद मुहम्मद जौनपुरी (१४४३–१५०५) यांना महदी मानणाऱ्या महदवी पंथाचा जमालखान हा सरदार १५८९ पासून अहमदनगरच्या निजामशाहीत सर्वेसर्वा झाला होता. हिजरी सहस्रकाच्या उंबरठ्यावर, १५९१ मध्ये, आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील रोहिणखेडच्या लढाईत तो मारला गेला. महदवींनी कयामतीची तारीख ठरविली होती असे नव्हे. परंतु कोणीतरी येईल आणि बिघडलेले सारे नीट करील, ही आशा त्या शतकात किती खोल रुजली होती, हे यावरून कळते.

लखनौतील पाहुणा

तारीख ठरवून हिंदुस्थानात आलेला सर्वांत प्रसिद्ध ख्रिस्ती प्रवासी म्हणजे जोसेफ वोल्फ (१७९५–१८६२). जर्मनीतील एका यहुदी रब्बीचा हा मुलगा प्रथम कॅथोलिक झाला, रोममध्ये शिकला, तेथे वरिष्ठांशी न पटल्याने बाहेर पडला आणि इंग्लंडच्या चर्चमध्ये गेला. केंब्रिजला त्याने पौर्वात्य भाषांचा अभ्यास केला. १८२६ मध्ये इंग्लंडमधील ऑल्बरी येथे बँकर हेन्री ड्रमंड यांच्या घरी भविष्यवाणीचा अर्थ लावण्यासाठी जी परिषद भरली, तीत तो सहभागी होता. दानीएलच्या २३०० वर्षांची मोजणी त्याने इसवी सनापूर्वी ४५३ पासून धरली. त्यामुळे त्याचे उत्तर १८४७ आले. मिलर आणि वोल्फ यांचा ग्रंथ तोच, आकडा तोच, रीतही तीच. आरंभ चार वर्षांनी सरकला आणि जगाचा शेवटही चार वर्षांनी पुढे गेला.

वोल्फ इराण, बुखारा व काबूलमार्गे १८३२ मध्ये पंजाबात उतरला आणि महाराजा रणजितसिंहांना भेटला. तेथून दिल्ली, आग्रा करीत तो १८३३ मध्ये लखनौला पोहोचला. तेव्हा अवधच्या गादीवर नसीरुद्दीन हैदर होता. लखनौ हे शिया विद्येचे मोठे केंद्र होते आणि तेथील उलेमांसमोर वोल्फने १८४७ चे प्रतिपादन केले. हजरत ईसा (अ.) यांचे पुनरागमन हा मुसलमानांच्याही श्रद्धेचा भाग आहे. त्यामुळे ते येणार की नाही, असा हा वाद नव्हताच. वाद होता तो या माणसाला वर्ष कसे कळले, एवढाच. पुढे वोल्फ कलकत्ता, मद्रास, गोवा या मार्गाने मुंबईस गेला आणि तेथून अरबस्तानाकडे निघाला.

वोल्फची एक गोष्ट त्याच्या चरित्रात वारंवार सांगितली जाते. १८४७ आले आणि काहीच घडले नाही तर तू काय म्हणशील, असे त्याला विचारण्यात आले होते. वोल्फ चुकला असे म्हणेन, असे त्याचे उत्तर होते. हे उत्तर त्याने बऱ्याच अंशी पाळले. १८४७ उलटले तेव्हा तो इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातील एका खेड्यात पाद्री होता. उतारवयात प्रसिद्ध केलेल्या प्रवासवृत्तात त्याने वर्ष निश्चित करण्यात आपली चूक झाल्याचे मान्य केले. पुनरागमनावरील त्याची श्रद्धा मात्र कायम होती. श्रद्धा आणि हिशेब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याला स्वतःच्या चुकीतून कळले.

मौलाना रहमतुल्लाह यांची नोंद

ग्वाल्हेरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या आग्र्यात १० व ११ एप्रिल १८५४ रोजी एक सार्वजनिक वाद झाला. एका बाजूस जर्मन मिशनरी कार्ल प्फांडर व थॉमस व्हॅल्पी फ्रेंच होते, तर दुसऱ्या बाजूस कैराना येथील मौलाना रहमतुल्लाह (१८१८–१८९१) व आग्र्यात वैद्यकीय सेवेत असलेले डॉ. वजीर खान. प्फांडर हा बेंगेलच्याच वुर्टेंबर्ग प्रांतातला. त्याचा ‘मीझान-उल-हक’ हा ग्रंथ हिंदुस्थानात गाजत होता. वजीर खान यांनी इंग्लंडमध्ये शिकत असताना युरोपीय विद्वानांची बायबलच्या पाठांची चिकित्सा करणारी पुस्तके मिळविली होती. त्या पुस्तकांच्या बळावर मुस्लिम पक्षाने बायबलच्या पाठात फेरफार झाल्याचा मुद्दा मांडला आणि काही पाठभेद प्फांडरला मान्य करावे लागले. प्रतिपक्षाचे ग्रंथ मुळातून वाचून उत्तर देण्याची ही पद्धत त्या काळी नवी होती.

१८५७ च्या उठावानंतर दोघांनाही देश सोडावा लागला. मौलाना मक्केस गेले आणि १८६४ मध्ये इस्तंबूल येथे त्यांचा ‘इझहार-उल-हक’ हा अरबी ग्रंथ तयार झाला. दानीएलच्या २३०० दिवसांची चर्चा या ग्रंथात आहे आणि तेथेच लखनौला आलेल्या जोसेफ वोल्फचा व त्याच्या १८४७ या वर्षाचा उल्लेख येतो. मौलानांनी या हिशेबाच्या खंडनासाठी फार शब्द खर्च केले नाहीत. नेमलेले वर्ष उलटून सतरा वर्षे झाली होती. काळानेच जे खोडून काढले, त्यासाठी वेगळ्या युक्तिवादाची गरज नव्हती. याच ग्रंथात त्यांनी आणखी मूलभूत प्रश्न उपस्थित केला. ईसा (अ.) यांच्या पहिल्या पिढीतील अनुयायांनाच पुनरागमन आपल्या हयातीत होईल अशी अपेक्षा होती आणि नव्या करारातील काही वचने तसे सुचवितात, मग त्या वचनांचा अर्थ कसा लावावयाचा? युरोपातील बायबलच्या अभ्यासकांनाही हा प्रश्न पुढे दीर्घकाळ सतावीत राहिला.

निराशेनंतर

मिलरच्या अनुयायांनी शेवटची तारीख २२ ऑक्टोबर १८४४ ही ठरविली. काहींनी दुकाने बंद केली, काहींनी उभे पीक शेतात सोडले. पहाट झाली तेव्हा अनेकजण रडत होते, असे त्यांच्यातीलच लोकांनी लिहून ठेवले आहे. अमेरिकेच्या इतिहासात हा दिवस ‘महानिराशा’ म्हणून ओळखला जातो. मिलरने आपली चूक कबूल केली. पुष्कळजण आपापल्या जुन्या चर्चमध्ये परतले. एका गटाने मात्र निराळा मार्ग काढला. तारीख बरोबर होती, परंतु घटना पृथ्वीवर न होता स्वर्गातील पवित्रस्थानात झाली, असे त्यांनी म्हटले. या गटातून १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट चर्चची स्थापना झाली.

या चर्चचे धागे महाराष्ट्रापर्यंत येतात. पुण्याच्या सॅलिसबरी पार्क भागात त्यांचे कार्यालय व छापखाना उभा राहिला. त्यांचे स्पायसर महाविद्यालय १९३७ मध्ये दक्षिणेतून पुण्यास आले, नंतर औंधला स्थिर झाले आणि २०१४ मध्ये त्याला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ज्या लोकांच्या पूर्वजांनी जगाला भविष्य उरलेले नाही असे मानले, त्यांनी शाळा, रुग्णालये आणि छापखाने उभारले. त्यासाठी त्यांना एक गोष्ट सोडावी लागली. या चर्चने त्यानंतर पुनरागमनाची तारीख ठरविली नाही.

दुसरा प्रवाह याहून वेगळा आहे. चार्ल्स टेझ रसेल (१८५२–१९१६) याने १९१४ हे वर्ष जाहीर केले होते. त्या वर्षी महायुद्ध सुरू झाले, पण जगाचा अंत झाला नाही. तेव्हा ख्रिस्ताचे राज्य अदृश्य रूपाने सुरू झाले, असा अर्थ पुढे लावण्यात आला. त्याचा वारसदार रदरफर्ड याने १९२५ मध्ये इब्राहीम, इसहाक व याकूब (अ.) पुन्हा जिवंत होतील असे सांगितले. तेही वर्ष गेले. पुढच्याच वर्षी, १९२६ मध्ये, या संघटनेची हिंदुस्थानातील शाखा मुंबईत उघडली. १९३१ मध्ये तिच्या अनुयायांनी यहोवाचे साक्षीदार हे नाव धारण केले. १९७५ विषयीही त्यांच्यात मोठी अपेक्षा निर्माण झाली होती आणि ते वर्ष सुने गेल्यावर अनेकांनी संघटना सोडली.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ डिसेंबर १९५४ रोजी जगबुडीची वाट पाहणाऱ्या एका छोट्या गटाचा अभ्यास करून १९५६ मध्ये ग्रंथ लिहिला. भाकीत खोटे ठरल्यावर लोकांचा विश्वास कमी होण्याऐवजी त्यांचा प्रचार वाढतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. या अभ्यासाच्या पद्धतीवर पुढे गंभीर आक्षेप घेतले गेले, म्हणून त्यास सर्वसाधारण नियम मानता येत नाही. वरील उदाहरणांवरून इतके म्हणता येते की, तारीख चुकल्यावर माणसापुढे तीन वाटा असतात : चूक कबूल करणे, तारीख पुढे ढकलणे, किंवा घटना अदृश्यपणे घडली असे म्हणणे. वोल्फने पहिली वाट धरली. अमेरिकन रेडिओ उपदेशक हॅरल्ड कॅम्पिंग याने २१ मे २०११ चुकल्यावर २१ ऑक्टोबर २०११ ही तारीख दिली. तीही चुकली, तेव्हा २०१२ मध्ये तारीख ठरविणे हे आपले पाप होते असे त्याने मान्य केले. दोन्ही तारखांच्या मधल्या काळात ज्यांनी नोकऱ्या सोडल्या आणि जमापुंजी प्रचारात घातली, त्यांचे नुकसान या कबुलीने भरून आले नाही.

आपल्या घरातील भाकिते

वोल्फच्या हिशेबाची चिकित्सा करताना समाधान वाटणे साहजिक आहे. पण तेच माप स्वतःच्या समाजाला लावल्याशिवाय ती चिकित्सा पूर्ण होत नाही.

हजाराव्या हिजरी वर्षाची हवा वर पाहिली. त्यानंतर फारसी कवी-सूफी शाह निअमतुल्लाह वली (मृत्यू १४३१) यांच्या नावावरील भविष्यसूचक कसीदा हिंदुस्थानात एकोणिसाव्या शतकात हस्तलिखितांतून व छापील पत्रकांतून फिरू लागला. इंग्रजी राज्याच्या अंतापासून महदींच्या आगमनापर्यंत हवे ते त्यात वाचले गेले. इराणातील बाबी लोकांनी त्यात हिजरी १२६० हे वर्ष वाचले, कारण त्यांचे गुरू बाब यांनी त्याच वर्षी, म्हणजे मे १८४४ मध्ये, आपला दावा जाहीर केला होता. केंब्रिजचे फारसीचे अभ्यासक एडवर्ड ब्राउन यांनी निरनिराळ्या प्रती ताडून पाहिल्या. माहान येथील शाहसाहेबांच्या दर्ग्यातून मिळालेल्या प्रतीत निराळाच आकडा होता. फारसी लिपीत एखाद्या अक्षरावर नुक्ता दिला वा काढला की अबजद रीतीने येणारी तारीख शेकड्यांनी बदलते. आग्र्याच्या वादात मुस्लिम विद्वानांनी पाठभेदाचे जे शस्त्र वापरले, तेच या कसीद्याला लावले असता तो टिकत नाही.

सर्वांत दुःखद उदाहरण १ मुहर्रम १४०० चे, म्हणजे २० नोव्हेंबर १९७९ चे आहे. नव्या शतकाच्या पहिल्याच पहाटे जुहैमान अल-उतैबी याच्या सशस्त्र टोळीने मक्केच्या हरम शरीफचा ताबा घेतला आणि आपल्यातील मुहम्मद अल-कहतानी हा महदी असल्याचे घोषित केले. ज्या जागेत रक्त सांडणे निषिद्ध आहे, तेथे दोन आठवडे लढाई चालली आणि शेकडो माणसे मेली. कहतानी त्यात ठार झाला. शतकाच्या आकड्याला अर्थ चिकटविण्याची किंमत येथे मोजावी लागली.

हिंदू समाजही यातून सुटलेला नाही. ३ ते ५ फेब्रुवारी १९६२ या दिवसांत मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून प्रलय होईल, असे अनेक ज्योतिष्यांनी वर्तविले. देशभर मोठमोठे यज्ञ झाले आणि त्यांत मणांनी तूप व धान्य गेले. अष्टग्रही आली आणि ओसरली. ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा कित्येकांनी फेब्रुवारीचे भाकीत तेथे नेऊन जोडले. महायुद्धाला १९१४ चे भाकीत जोडणाऱ्यांची हीच तऱ्हा होती.

समारोप

अशी भाकिते कोणत्या काळी रुजतात, हेही पाहण्याजोगे आहे. मिलरच्या सभा भरल्या तेव्हा अमेरिकेत १८३७ च्या आर्थिक मंदीचे चटके ताजे होते. वुर्टेंबर्गचे लोक कॉकेशसकडे निघाले ते १८१६ च्या दुष्काळानंतर. आजचा दिवस असह्य झाला की माणसाला शेवटच्या दिवसाची तारीख हवीशी वाटते. भाकितावर विश्वास ठेवणाऱ्याची टवाळी करण्याआधी त्याच्या घरातील चूल पेटली होती की नाही, हे इतिहासकाराने विचारले पाहिजे. तारीख विकणाऱ्याचा हिशेब मात्र वेगळा मांडला पाहिजे.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. एका माणसाने कयामत कधी येणार असे विचारले, तेव्हा हजरत मुहम्मद (स.) यांनी, तू तिच्यासाठी काय तयारी केली आहेस, असा उलट प्रश्न केला. कयामत येण्याच्या क्षणी कोणाच्या हातात रोप असेल आणि ते लावणे शक्य असेल तर त्याने ते लावावे, अशा आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. स्टीफेलच्या शेतकऱ्यांनी पेरणी सोडली आणि मिलरच्या अनुयायांनी पीक शेतात टाकले, ते याच्या अगदी उलट होते.

हिसाबाचा दिवस येणार, हे मुसलमान मानतो आणि ख्रिस्तीही मानतो. तो दिवस मोजण्याचे काम मात्र दोघांपैकी कोणावरही सोपविलेले नाही. मौलाना रहमतुल्लाह यांनी वोल्फच्या वर्षाची नोंद केली, त्यातून शिकण्यासारखे आहे ते हेच की, दाव्याला पुरावा मागावा, मूळ ग्रंथ पाहावा आणि काळाची साक्ष ऐकावी. मोबाइलवर दर रमजानच्या तोंडी महदींच्या आगमनाचे नवे वर्ष सांगणारे संदेश येतात, तेव्हा ही तिन्ही मापे लावणे हे विद्यार्थ्यांचे व शिक्षकांचे काम आहे. दाना ओलीतील दुकानदाराचे वजन गिऱ्हाईक बदलले म्हणून बदलत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाचेही बदलू नये.